बदकांच्या पिशवीतला लॅपटॉप

माझा भाचा कानवाला आहे. म्हणजे धंद्याने. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या कानात यंत्र बसवायचं, ते त्या माणसाच्या कानाप्रमाणे लावून द्यायचं आणि पुढे अधूनमधून त्याची साफसफाई, दुरुस्ती बघायची, हे त्याचं काम. कंपनीचं मोठं दुकान आमच्याच शहरात आहे, पण हा दुकानात बसत नाही. फिरतीवर असतो. लहान गावांतून कुठे औषधांच्या दुकानामागची खोली, कुठे शाळेचा रिकामा वर्ग, कुठे वाचनालयाचा हॉल, अशा जागी तो टेबल मांडतो आणि आसपासची ऐकू न येणारी मंडळी तिथे गोळा होतात.

वय साठीला टेकलेलं, चेहरा गोल, बोलणं मोठ्याने. घरातही तो समोरच्या इमारतीला ऐकू जाईल असं बोलतो. दिवसभर अशाच लोकांशी बोलून सवय लागली असेल, असं आम्ही सगळे समजत होतो.

फिरतीवर त्याचा भारी जीव. त्याचं म्हणणं, यंत्र बसवल्यावर माणसाला पहिल्यांदा काय ऐकू येतं हे बघायला मिळावं म्हणून मी या धंद्यात आहे. एका सुताराला आधी स्वतःच्या बुटांची करकर ऐकू आली आणि तो लाजून खाली बसला. एका बाईंना नवऱ्याचं गुणगुणणं ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "हे रोजच असं चालतं का?" नवरा म्हणाला, "लग्न झाल्यापासून." असल्या गोष्टी तो दौऱ्याहून आला की सांगत बसतो, आणि सांगताना स्वतःच आधी हसतो.

या सगळ्याला लागतो लॅपटॉप. कानातलं यंत्र एका बारक्या वायरने त्याला जोडायचं आणि कुठला सूर किती मोठा करायचा ते त्यावरून ठरवायचं. प्रत्येक माणसाच्या कानाचा आलेख त्यात साठवलेला असतो. तो म्हणतो, "मावशी, ह्यात माझी अख्खी गावं आहेत."

तर ती अख्खी गावं एकदा चोरीला गेली. स्टेशनच्या बाकावर हा बसला होता, काळी बॅग शेजारी. एक सभ्य गृहस्थ आला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या खांद्यावर काहीतरी सांडलंय." ह्याने मान वळवून पाहिलं तर खरंच चटणीसारखं काहीतरी होतं. गृहस्थाने स्वतःचा रुमाल काढून पुसून दिलं. ह्याने आभार मानले. गृहस्थाने पाठीवरही बघून घेतलं. ह्याने पुन्हा आभार मानले. तो गेला तेव्हा शेजारची बॅगही गेली होती, कारण त्याचा जोडीदार बाकाच्या मागेच उभा होता.

"दोनदा आभार मानले म्हणे," माझी भाचेसून सांगायची. "चहा तेवढा पाजायचा राहिला."

"अगं, तो रुमाल स्वच्छ होता," भाचा म्हणायचा. त्याला अजूनही त्या रुमालाचं आश्चर्य वाटतं.

लॅपटॉप कंपनीचा होता, त्यामुळे तो दुसरा मिळाला. पण आतल्या माहितीची नक्कल कुठेच ठेवलेली नव्हती. किती तरी म्हाताऱ्या माणसांना पुन्हा तपासावं लागलं. काहींचं यंत्र महिनोन्‌महिने थोडं थोडं करत जमवलेलं होतं, ते पहिल्यापासून सुरू. आणि कंपनीच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं की आणखी एक लॅपटॉप गेला तर फिरती बंद. दुकानात काउंटरवर बसायचं आणि यंत्राचे सेल विकायचे.

हे ऐकून तो दोन दिवस हळू बोलत होता. तेव्हा आम्हाला काळजी वाटली.

मग त्याने चोरांचा अभ्यास सुरू केला. नव्या लॅपटॉपबरोबर आलेली काळी बॅग सगळ्यांत आधी घराबाहेर गेली. "असली बॅग म्हणजे आत लॅपटॉप आहे अशी पाटी लावून फिरणं," तो म्हणाला. त्याऐवजी त्याने नातीची पिशवी घेतली. नात मोठी झाली होती, तिच्या लहानपणी लंगोट आणि दुधाच्या बाटल्या ठेवायची ती पिशवी. फिकी निळी, वर पिवळी बदकं, आणि कितीही धुतली तरी बेबी पावडरचा वास. लॅपटॉप जाड टॉवेलात गुंडाळून आत, आणि चेन उघडली तर वर दिसतील असे दोन कोरे लंगोट.

"आता ह्याला कोण हात लावणार?" तो अभिमानाने म्हणाला.

"एखादी बाळंतीण," भाचेसून म्हणाली.

गाडीत बसला की पिशवी वरच्या फळीवर कधीच नाही. दोन पायांच्या मध्ये, आणि पट्ट्यात एक पाय अडकवलेला. झोप आली तरी पाय काढायचा नाही. स्टेशनवर लॅपटॉप उघडायचा नाही, चहा घ्यायला उठलं तरी पिशवी बरोबर. आतल्या माहितीची नक्कल रोज संध्याकाळी एका छोट्या डबीत उतरवायची आणि ती डबी बनियनच्या आतल्या खिशात ठेवायची, म्हणजे यंत्र गेलं तरी गावं राहतील. पासवर्ड इतका लांब की तो लिहिताना त्याची जीभ बाहेर येते. लॅपटॉपच्या पोटावर नाव आणि फोन नंबर चिकटवलेला, चुकून एखाद्या भल्या माणसाला सापडला तर. आणि तारेचं कुलूप. काम करताना लॅपटॉप टेबलाच्या पायाला बांधायचा. एकदा कुलपाची किल्ली घरी राहिली. तेव्हा हा गडी शाळेतलं टेबलच टेम्पोत घालून लॅपटॉपसकट घेऊन आला. मुख्याध्यापिकाबाई रोज फोन करून टेबलाची विचारपूस करत होत्या.

सगळ्यांत शेवटी आला तो भोंगा. सुपारीच्या डबीएवढी वस्तू, दोन भागांत. एक भाग पिशवीच्या आत शिवून टाकायचा, दुसरा आपल्या खिशात. पिशवी आपल्यापासून काही पावलं लांब गेली की पिशवीतला भाग ठणाणा करायला लागतो. विकणाऱ्याने सांगितलं होतं की आवाज बारीक आहे, पण भिंती भेदून जातो. ह्याने घरी आणून तपासलं. खिशातला भाग घेऊन जिन्यात गेला, आतून भाचेसून ओरडली, "बंद करा ते मेलं." तो समाधानाने परत आला.

हे मला नंतर कळलं.

गेल्या महिन्यात तो समुद्राकाठच्या एका गावी निघाला होता. माझी शाळेतली मैत्रीण तिथे राहते, आणि माझ्या कानातलं यंत्रही कुरकुर करत होतं. म्हणून मी म्हटलं, मीही येते. आमचे हे गेल्यापासून मी फारशी कुठे जात नाही, पण गाडीचा प्रवास मला अजून आवडतो.

गाडीत तो सगळा वेळ पिशवीत पाय अडकवून बसला होता. समोरच्या तरुण मुलीने बदकं पाहिली आणि कौतुकाने विचारलं, "बाळ कुठाय?"

"मोठं झालं," भाचा म्हणाला.

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीबाहेर पाहिलं.

वाचनालयाची इमारत दोन मजल्यांची होती. खाली पुस्तकं आणि ग्रंथपालबाईंचं टेबल, वर हॉल. ग्रंथपालबाईंनी आम्हाला वर नेतानाच सांगितलं की खाली वाचणारे असतात, तेव्हा आवाज नको. भाचा म्हणाला, "काळजीच करू नका." हे त्याने अशा आवाजात सांगितलं की तीन वाचकांनी माना वर केल्या. बाईंनी डोळे मिटून घेतले.

वर पंधरा-वीस माणसं आधीच येऊन बसली होती. एक निवृत्त मास्तर होते, पुढच्या रांगेत, हातात छत्री. एक केस कापणाऱ्या बाई होत्या, त्यांना गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकू येईना झालं होतं आणि त्यामुळे नको तेवढे केस कापले जात होते. मागे एक नीटनेटका मनुष्य होता, हातात फाईल. आईसाठी चौकशी करायला आलोय म्हणाला. त्याला भाच्याने सांगितलं, "आईंना घेऊन या, नुसत्या चौकशीने ऐकू येत नाही." तो हसला आणि बसून राहिला.

भाच्याने घरचं गिऱ्हाईक म्हणून मला पहिल्यांदा बसवलं. माझं जुनं यंत्र काढून नवं घातलं, वायर जोडली, बटणं दाबली. "मावशी, आता बारीक आवाज वाढवलेत. आधी थोडं टोचल्यासारखं वाटेल." खरंच, माझ्या साडीचा पदर सरकला तरी कागद चुरगळल्यासारखा आवाज यायला लागला. मी खिडकीपाशी जाऊन बसले आणि बरोबर आणलेलं सँडविच खायला लागले. ते खातानाही केवढा आवाज होतो, हे मला माहीत नव्हतं.

मग त्याने बाकी सगळ्यांची यंत्रं साफ करायला म्हणून काढून घेतली आणि एका ट्रेमध्ये नावाच्या चिठ्ठ्या लावून मांडून ठेवली. म्हणजे आता हॉलमधल्या गिऱ्हाइकांत माझ्याशिवाय कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. भाचा जेवणासाठी थांबला. टेबलावर लॅपटॉप एकटा सोडायचा नाही हा त्याचा नियम. त्याने तारेचं कुलूप काढलं, लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला, बदकांच्या पिशवीत घातला आणि पट्ट्यात पाय अडकवून डबा उघडला.

तेवढ्यात मास्तरांनी आपलं यंत्र स्वच्छ झालं का हे बघायला ट्रेमधून उचललं आणि ते हातातून पडलं. कानातलं यंत्र म्हणजे शेंगदाण्याएवढं. लाकडी जमिनीवर टुण्णकन उडून कुठे गेलं ते कळेना.

"कुणी हलू नका," भाचा ओरडला.

कुणाला ऐकू आलं नाही. सगळे हलले. मास्तर गुडघ्यांवर, केस कापणाऱ्या बाई खुर्चीखाली, आणखी दोघेतिघे भिंतीकडेने हात फिरवत. पायाखाली येऊन यंत्र चिरडलं तर मास्तर पुढचा महिना बहिरे राहणार, म्हणून भाच्यानेही पट्ट्यातून पाय काढला आणि तो हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला कपाटाखाली वाकला.

आणि मला पक्षी ऐकू आला.

चिर्र, चिर्र, चिर्र. बारीक, स्वच्छ, अगदी जवळ. माझ्या हातातलं सँडविच तसंच राहिलं. गेल्या कित्येक वर्षांत मी पक्ष्याचा आवाज ऐकला नव्हता. झाडावर चोच उघडलेली दिसायची, बाकी सगळी शांतता. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"अरे, पक्षी," मी म्हटलं. "मला पक्षी ऐकू येतोय."

"सापडलं?" मास्तरांनी खालून विचारलं.

"पक्षी."

"कुणाची बशी?" केस कापणाऱ्या बाई म्हणाल्या.

भाचा कपाटाखालून म्हणाला, "मावशी, मस्त. यंत्र जमलं म्हणायचं." त्याने डोकंही बाहेर काढलं नाही.

पक्षी मात्र लांब जायला लागला. हॉलच्या दाराकडून, मग बाहेरच्या बोळातून. मला वाटलं, खिडकीतून आत शिरला असेल बिचारा, आता वाट सापडत नसेल. मी काठी घेतली आणि त्याच्या मागे निघाले. जिन्यापाशी आले तर आवाज खालून येत होता. वाकून पाहिलं. आईसाठी चौकशी करायला आलेला तो नीटनेटका मनुष्य जिना उतरत होता. घाईत नव्हता, पण कपाळाला घाम होता. आणि पक्षी त्याच्या हातातल्या पिशवीत ओरडत होता.

आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टर शिकवायच्या की एखाद्याच्या लक्षात न आलेली गोष्ट असेल तर ती नम्रपणे त्याच्या नजरेस आणून द्यावी. मी म्हटलं, "अहो, ऐकलंत का? तुमच्या पिशवीत पक्षी आहे."

तो दचकला. वर बघून म्हणाला, "हो, आजी. पोपट आहे."

"पोपट असा नाही ओरडत."

"लहान आहे अजून."

"मग पिशवीत कोंडलात कशाला? गुदमरेल ना तो." असं म्हणून मी पिशवीकडे नीट बघितलं, आणि पिवळी बदकं माझ्याकडे बघत होती.

माणसाला अशा वेळी चोर-चोर असं ओरडायला सुचावं. मला सुचलं ते असं. मी काठी जिन्याच्या कठड्यावर आपटली आणि म्हटलं, "माझ्या भाच्याची बदकं ठेवा खाली."

तो उरलेल्या पायऱ्या धडाधड उतरला. पण खाली वाचनालय होतं, आणि वाचनालयात ग्रंथपालबाई होत्या. त्या आवाजाने त्या आधीच टेबलामागून उठून जिन्याच्या तोंडाशी आल्या होत्या. त्यांना चोरीबिरी काही माहीत नव्हतं.

"बंद करा ते," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"हो, बाहेर जाऊन करतो."

"बाहेर नाही. इथे, आत्ता. लोक वाचतायत."

"बाई, मला घाई आहे."

"आवाज करायला वेळ आहे, बंद करायला नाही?" त्यांनी पिशवीचा पट्टा धरला. "काढा बाहेर काय आहे ते."

त्याने चेन उघडली. वर लंगोट निघाले. सगळे वाचक पुस्तकं खाली ठेवून बघत होते. त्याने आत हात घालून चाचपडलं, पण भोंगा अस्तरात शिवलेला, सापडणार कसा? आवाज चालूच. ग्रंथपालबाई हात पुढे करून उभ्याच. शेवटी त्याने पिशवी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "तुम्हीच करा बाई काय करायचं ते." आणि दारातून जो गेला तो गेला. फाईलही विसरला. आत नुसते कोरे कागद होते.

मी कठडा धरून खाली उतरत होते तोवर माझ्या शेजारून भाचा वादळासारखा गेला. त्याने कपाटाखालून उठून आपल्या खुर्चीखाली पाहिलं होतं. चेहरा पांढराफटक. टेबलावर बदकं दिसल्यावर त्याने पिशवीला अक्षरशः मिठी मारली, लॅपटॉप चाचपला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "वाचलो, मावशी. काउंटर डोळ्यांसमोर आला होता."

"आधी ते बंद करा," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"काय?"

"तो भोंगा."

"कुठे वाजतोय?" भाच्याने विचारलं.

पिशवी त्याच्या मांडीवर होती. भोंगा त्याच्या पोटाला लागून ठणाणा करत होता. वाचकांनी कानांत बोटं घातली होती. मी माझ्या यंत्राचा आवाज कमी केला होता, तरी मला ऐकू येत होता.

त्याने पिशवी उघडून आत पाहिलं. अस्तरातून लाल दिवा लुकलुकताना दिसत होता. त्याने पिशवी उचलून एका कानाला लावली, मग दुसऱ्या. मग ती मांडीवर ठेवली. खिशातला भाग काढून त्याने बटण दाबलं आणि दिवा गेला. बाईंनी सुस्कारा सोडला, त्यावरूनच त्याला कळलं की आवाज थांबला.

जिना चढताना तो म्हणाला, "घरी आणला तेव्हाही मी ऐकला नव्हता. ती ओरडली, म्हणून मी समजलो वाजतोय."

"पक्षी शेवटचा कधी ऐकलास?"

"आपल्या गल्लीत पक्षी कुठे आहेत?"

"भरपूर आहेत, असं तुझी बायको म्हणते."

वर मास्तरांना त्यांचं यंत्र छत्रीच्या घडीत सापडलं होतं. भाच्याने सगळ्यांची यंत्रं भराभर परत घालून दिली. मी त्याच्या खुर्चीत जाऊन बसले आणि गिऱ्हाइकाची खुर्ची त्याला दाखवली.

"आता नको, मावशी. लोक थांबलेत." मग आवाज खाली आणून, म्हणजे त्याच्या मते खाली आणून, म्हणाला, "बहिऱ्या कानवाल्याकडे कोण येईल? साहेबांना कळलं तर लॅपटॉप सुखरूप राहूनसुद्धा मला दुकानात बसवतील."

हे अख्ख्या हॉलने ऐकलं. यंत्रं नुकतीच साफ झालेली होती.

मास्तर उठले. "अहो, आम्ही इतकी वर्षं तुमच्याकडे येतो. तुम्ही आम्हाला सांगता, लाजायचं कशाला. बसा गुपचूप."

"आणि दातवाल्याचे दात पडत नाहीत का?" केस कापणाऱ्या बाई म्हणाल्या. "माझेच केस बघा कसे झालेत."

तो बसला. कुठलं बटण दाबायचं ते त्याने मला सांगितलं आणि कानांवर तपासणीच्या हेडफोनचे मोठे ठोकळे चढवले. सूर ऐकू आला की बोट वर करायचं. जाड सुरांना त्याचं बोट लगेच वर गेलं. सूर बारीक होत गेले तसं ते रेंगाळायला लागलं. मग तो नुसता माझ्याकडे बघत बसला.

"दाब ना, मावशी."

"केव्हाची दाबतेय."

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बोट वर करा साहेब, फुकटात पास व्हाल."

तो हसला, पण बोट वर केलं नाही. आलेख पडद्यावर उतरला. आधी सरळ आणि मग टेकडीवरून घसरगुंडी केल्यासारखा खाली. त्याने तो बराच वेळ पाहिला. दुसऱ्या कुणाचा असता तर त्याने तिथल्या तिथे समजावून सांगितलं असतं. मग त्याने स्वतःच्या पेटीतून यंत्रांची एक जोडी काढली, लावली, आणि उरलेल्या माणसांना एकेक करून बोलवायला सुरुवात केली. एवढाच फरक की आता तो इतका हळू बोलायला लागला की मास्तरांना दोनदा "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं.

संध्याकाळी मी मैत्रिणीला धावतं भेटून आले आणि स्टेशनवरून त्याने साहेबांना स्वतःहून फोन केला. चोराचं सांगितलं, लॅपटॉपचं सांगितलं आणि कानांचंही सांगितलं. पिशवीचा पट्टा मुठीत घट्ट धरून तो ऐकत होता. बराच वेळ नुसतं "हो साहेब, हो साहेब" चाललं होतं. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"पुढच्या महिन्यात डोंगरावरच्या गावाला जा म्हणाले. आणि कुठली यंत्रं लावलीत ते विचारलं. म्हणाले, गिऱ्हाइकांना स्वतःच्या कानांतली काढून दाखवा, दुप्पट खपतील."

गाडी सुटली. पिशवी त्याच्या पायांमध्ये होती, पाय पट्ट्यात होता. समोरच्या गृहस्थाने वर्तमानपत्राचं पान उलटलं तसा हा दचकून माझ्याकडे वळला.

"मावशी, पान उलटताना एवढा आवाज होतो?"

"होतो."

"आणि हे चाकांचं जे चाललंय, किणकिण, ते नेहमीचंच?"

"नेहमीचंच."

"आणि तो मागे कुणीतरी पिशवीतून काहीतरी काढून खातोय, ते?"

तो प्रत्येक आवाजाला असंच विचारत राहिला. पुढचं स्टेशन जाईपर्यंत मी उत्तरं दिली. मग माझं यंत्र काढून डबीत ठेवलं आणि डोळे मिटले. मधे एकदा उघडून पाहिले तर तो समोरच्या गृहस्थाला विचारत होता.